पापाच्या मापाचा नरक

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराने १२५२ मध्ये स्वतःचे सोन्याचे नाणे पाडायला सुरुवात केली. त्याचे नाव फ्लोरिन. एका बाजूला लिलीचे फूल, दुसऱ्या बाजूला शहराचा पालक संत जॉन बाप्टिस्ट, वजन साधारण साडेतीन ग्रॅम आणि सोने चोवीस कॅरेटचे. युरोपभरचे व्यापारी हे नाणे डोळे मिटून घेत, कारण त्यात खोट नाही याची हमी खुद्द शहराची होती. पुढे आदामो नावाच्या एका कसबी कारागिराने रोमेनाच्या सरदारांच्या सांगण्यावरून हुबेहूब तशीच नाणी गुपचूप पाडली. दिसायला अस्सल, पण चोवीस भागांत तीन भाग हिणकस धातू. तो पकडला गेला आणि १२८१ मध्ये त्याला जिवंत जाळण्यात आले. खोटी नाणी पाडणाऱ्याला त्या काळी हीच शिक्षा असे.

काही दशकांनी त्याच शहरातल्या एका कवीने आदामोवर दुसऱ्यांदा खटला चालवला. दान्ते अलिगिएरी (१२६५–१३२१) हा तो कवी, आणि 'डिव्हाइन कॉमेडी' हे त्याचे महाकाव्य म्हणजे ते न्यायालय. नरकाच्या आठव्या वर्तुळात, अगदी तळच्या चरात, आदामो जमिनीवर पडलेला दिसतो. त्याला जलोदर झालेला आहे. पोट इतके फुगले आहे की पाय मांड्यांपासून तोडले तर तो ल्यूट या तंतुवाद्यासारखा दिसेल, असे दान्ते लिहितो. चेहरा मात्र ओढलेला आणि ओठ तहानेने विलगलेले. अंगात पाणीच पाणी, आणि घशात एक थेंब नाही. त्यात भर म्हणून डोळ्यांपुढून एक चित्र हलत नाही: कासेन्तिनोच्या हिरव्या टेकड्यांवरून आर्नो नदीकडे धावणारे गार ओढे. खोटी नाणी त्याने पाडली ती याच मुलुखात.

हा रोग दान्तेने उगाच निवडलेला नाही. त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे शरीर चार द्रवांच्या प्रमाणावर चालते. प्रमाण बिघडले की रोग. जलोदरात नको ते पाणी अंगात साठते आणि चेहऱ्याचे पोटाशी प्रमाण उरत नाही. आदामोने धातूचे प्रमाण बिघडवले होते, आता त्याच्या देहाचे बिघडले आहे. नाण्यात त्याने हीण मिसळले, आता तोच हीण वागवणारे नाणे झाला आहे. आणि एवढे होऊनही त्याला पश्चात्ताप नाही. त्याला हवा आहे सूड. ज्या सरदारांनी हे काम करायला लावले त्यांतला एक इथेच कुठे तरी आहे हे त्याला कळलेले असते. शंभर वर्षांत एक इंच सरकता आले असते तरी मी त्याला शोधायला निघालो असतो, असे तो म्हणतो.

करावे तसे भरावे, हे मराठी घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दान्ते त्याच्या पुढे एक पाऊल टाकतो. त्याच्या नरकात जे केले तेच भरायचे असते. पाप झाले आणि मग बाहेरून कोणी तरी दंड ठोठावला, असा प्रकार तिथे फारसा नाही. माणूस जिवंतपणी आतून जे झालेला असतो, ते तिथे उघड्यावर येते आणि कायमचे चालू राहते.

या तत्त्वाला अभ्यासक 'कॉन्त्रापासो' म्हणतात. संपूर्ण काव्यात, म्हणजे १४,२३३ ओळींत, हा शब्द फक्त एकदा येतो आणि तोही कवीच्या तोंडी नाही, एका शिक्षा भोगणाऱ्याच्या तोंडी येतो. बर्त्रान द बॉर्न हा दक्षिण फ्रान्सचा कवी आणि सरदार. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि त्याचा थोरला मुलगा यांच्यात त्याने वैर लावून दिले, अशी त्याची ख्याती होती. नरकात तो स्वतःचे तोडलेले मुंडके केसांनी धरून कंदिलासारखे पुढे करत चालतो. एकत्र असायला हवे ते मी वेगळे केले, म्हणून माझा मेंदू माझ्या धडापासून वेगळा झाला, असा हिशेब तोच समजावून सांगतो. कल्पना मुळात ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ती लॅटिनमधून ख्रिस्ती विचारात आणली. तत्त्वज्ञांकडे ते न्यायाचे एक कलम होते. दान्तेने त्या कलमाला हातपाय, घसा आणि पोट दिले.

नरकाचे वर्णन हे काही नवे नव्हते. दुसऱ्या शतकातल्या 'पीटरचा साक्षात्कार' या ग्रंथात देवनिंदा करणारे जिभेने टांगलेले आहेत. ११४९ च्या सुमारास मार्कस नावाच्या आयरिश भिक्षूने लिहिलेल्या 'टुंडालची दृष्टी' या कथेत तर एक गमतीचा प्रसंग आहे. टुंडाल हा सरदार. त्याने मित्राची गाय चोरलेली असते. परलोकात त्याला तीच गाय हाकत खिळ्यांनी भरलेल्या अरुंद पुलावरून न्यावी लागते. गाय अडते, हा पडतो. हा उठतो, तर गाय पडते. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या छतावर तेराव्या शतकातले मोझेक आजही पाहायला मिळते. त्यात शिंगे असलेला प्रचंड सैतान पापी माणसे चावून खातो आहे. दान्तेचा बाप्तिस्मा याच इमारतीत झाला होता. गरुडपुराण ऐकलेल्या मराठी वाचकालाही ही जातकुळी ओळखीची वाटेल: उकळते तेल, दंश करणारे प्राणी, पापांची यादी आणि तिच्यासमोर यातनांची यादी. या जुन्या नरकांत पापी माणूस सहसा किंचाळतो. दान्तेच्या नरकात तो बोलतो. आपली बाजू मांडतो, गावाकडची खबर विचारतो, शेजाऱ्याची चुगली करतो. शिक्षा पापाशी किती जुळते, हे वाचकाला त्या बोलण्यातून उमगत जाते.

सर्वांत प्रसिद्ध बोलणे आहे फ्रान्चेस्काचे. रावेन्नाच्या दा पोलेन्ता घराण्यातली ही मुलगी रिमिनीच्या मालातेस्ता घराण्यात दिली गेली. नवऱ्याच्या धाकट्या भावावर, पाओलोवर, तिचा जीव जडला आणि नवऱ्याने दोघांनाही ठार मारले. हे १२८० च्या दशकात घडले, म्हणजे दान्तेच्या तरुणपणी ती ताजी बातमीच होती. दुसऱ्या वर्तुळात वासनेने वाहवत गेलेल्यांना एक वादळ कधीच जमिनीला टेकू देत नाही. पाओलो आणि फ्रान्चेस्का त्या वाऱ्यात एकमेकांना धरून भिरभिरत असतात. ती येते, आणि इतके गोड, इतके सुसंस्कृत बोलते की ऐकणारा हेलावून जावा. दोघे मिळून लान्सलॉटच्या प्रेमाची कथा वाचत होते, एका ठिकाणी थांबले, आणि त्या दिवशी पुढे वाचणे झाले नाही.

पण तिचे बोलणे पुन्हा ऐकावे. प्रेमाने त्याला पकडले, प्रेमाने मला पकडले, प्रेमाने आम्हाला मरणाकडे नेले; आणि मध्यस्थी केली ती त्या पुस्तकाने. सगळ्या वाक्यांत कर्ता दुसराच कोणी तरी आहे. ती स्वतः काही करतच नाही, तिचे सगळे होत जाते. वाऱ्याने वाहून नेलेल्या बाईची भाषाही वाहून गेलेलीच आहे. शिक्षा वादळात आहे तितकीच तिच्या व्याकरणात आहे, आणि हे दान्ते कुठेही बोलून दाखवत नाही. तो कथेतला प्रवासी म्हणून ऐकतो आणि बेशुद्ध पडतो. (आयुष्याच्या शेवटी दान्तेला रावेन्नात आसरा दिला तो याच फ्रान्चेस्काच्या पुतण्याने, ग्वीदो नोवेल्लोने. यजमानाच्या आत्याला आपण नरकात घातले आहे, हे माहीत असताना त्या घरी जेवणाच्या पंगतीला बसणे कसे जमले असेल, असा प्रश्न पडतोच.)

काही शिक्षा मात्र एका नजरेत कळतात. भविष्य सांगणाऱ्यांची मान उलटी पिरगळलेली आहे. फार पुढचे पाहायला गेलेल्यांना आता फक्त मागे दिसते, पाऊलही मागेच पडते आणि आसवे पाठीवरून नितंबांच्या फटीत ओघळतात. खुशामतखोर विष्ठेत बुडालेले आहेत, कारण जिवंतपणी त्यांच्या तोंडून तेच बाहेर पडत होते. ढोंगी लोक भिक्षूंसारखे झगे घालून सावकाश चालतात. झग्यांना बाहेरून सोन्याचा मुलामा, आत शिसे. एकेक पाऊल उचलताना मान दुखून येते. त्यांच्या वाटेवर येशूला मारण्याचा सल्ला देणारा धर्मगुरू कैफास जमिनीवर आडवा ठोकलेला आहे आणि प्रत्येक जाणारा त्याला तुडवत जातो. सगळ्यांचे ओझे त्याला सोसावे लागते. नरकाच्या दारातच असलेल्या त्या कुंपणावरच्या लोकांचे चित्र तर कुठल्याही देशात, कुठल्याही काळात चालेल. आयुष्यात त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. आता ते एका निशाणामागे धावत असतात आणि गांधीलमाश्या त्यांना डसत असतात. त्यांना स्वर्ग घेत नाही आणि नरकही नाकारतो.

सावकारांची जागा जरा वेगळी आहे. तापलेल्या वाळूवर ते बसलेले आहेत, वरून आगीचे थेंब पडताहेत, आणि उन्हाळ्यात कुत्रे माश्या हाकलते तसे ते हातांनी आग झटकत आहेत. त्यांचे चेहरे दान्तेला ओळखू येत नाहीत. ओळखू येतात त्या गळ्यात अडकवलेल्या थैल्या, कारण त्यांवर घराण्यांची मानचिन्हे आहेत. माणसाचा चेहरा जाऊन थैली उरली, एवढ्यात सगळे आले. एका थैलीवर पांढऱ्या रंगावर निळी डुकरीण आहे. ती पदुआच्या स्क्रोव्हेन्यी घराण्याची. याच घराण्यातल्या एन्रिकोने पदुआत एक प्रार्थनागृह बांधले आणि ज्योत्तो या चित्रकाराकडून रंगवून घेतले. १३०५ मध्ये ते देवाला अर्पण झाले. बापाच्या व्याजाच्या पैशाचे प्रायश्चित्त म्हणून ते बांधले, असे पूर्वापार सांगितले जाते. तिथल्या भिंतीवर ज्योत्तोने काढलेला अंतिम न्याय आहे आणि त्या नरकातही काही माणसे पैशाच्या थैल्यांच्या दोरीने फासावर लटकलेली आहेत. मुलाने भिंत रंगवून घेतली आणि कवीने बापाला वाळूवर बसवले. ही दोन्ही कामे काही वर्षांच्या अंतराने झाली.

चोरांचा चर हा मात्र दान्तेच्या कल्पनाशक्तीचा कळस. तो चर सापांनी भरलेला आहे आणि चोरांचे हात पाठीमागे सापांनीच बांधलेले आहेत. इथपर्यंत ठीक. मग एक सहा पायांचा साप एका माणसाला बिलगतो आणि दोघांचे रंग एकमेकांत मिसळत जातात, कागद पेटताना पांढरा रंग जाऊन काळा होण्याच्या आधी मधलाच तपकिरी येतो तसे. ना हा उरतो ना तो. पुढच्या जोडीत तर अदलाबदल होते. साप माणसाच्या बेंबीला डसतो, दोघांतून धूर निघतो आणि हळूहळू सापाची शेपटी फाटून पाय होतात, माणसाचे पाय चिकटून शेपटी होते. एकाची जीभ दुभंगते, दुसऱ्याची सांधते. नवा माणूस उभा राहून बोलू लागतो, नवा साप फुत्कारत पळतो. तुझे आणि माझे हा भेदच ज्याने मानला नाही, त्याला आता स्वतःचा देहही स्वतःचा म्हणता येत नाही. या जागी दान्तेला राहवत नाही. ल्यूकन आणि ओव्हिड या रोमन कवींनी आता गप्प बसावे, असे तो उघडपणे बजावतो. त्या चरात त्याला फ्लॉरेन्सचे पाच चोर भेटतात आणि पुढचा सर्ग सुरू होतो तो शहराचे उपरोधाने अभिनंदन करत: तुझे नाव नरकातही दुमदुमते आहे.

शहराशी दान्तेचे हे वैर का होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १३०० च्या उन्हाळ्यात तो फ्लॉरेन्सच्या सर्वोच्च मंडळावर, प्रायरपदावर होता. गेल्फ पक्षाचे काळे आणि पांढरे असे दोन तट पडले होते आणि तो पांढऱ्यांचा. १३०१ मध्ये तो पोपकडे, आठव्या बोनिफेसकडे, वकिली करायला रोमला गेला असताना मागे शहर काळ्यांच्या हातात गेले. जानेवारी १३०२ मध्ये त्याच्यावर अधिकारपदावर असताना पैसे खाल्ल्याचा ठपका आला: ५,००० फ्लोरिन दंड, दोन वर्षे हद्दपारी, पुन्हा पद नाही. तो हजर झाला नाही. १० मार्चला निकाल कडक झाला: हाती लागला तर जिवंत जाळावे. पुन्हा त्याने आपल्या गावचा उंबरठा पाहिला नाही. फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने हा निकाल रद्द करण्याचा ठराव केला तो २००८ मध्ये.

म्हणजे आदामोला झालेलीच शिक्षा फ्लॉरेन्सने दान्तेला सुनावली होती. न्यायाची मापे खोटी निघू शकतात हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

म्हणूनच लाचखोरांच्या चराकडे जरा वेळ काढून पाहावे. तिथे डांबर उकळते आहे. व्हेनिसच्या गोदीत हिवाळ्यात जहाजांची भगदाडे बुजवायला डांबर कसे उकळतात, कोणी वल्ही करतो, कोणी दोर वळतो, कोणी शिडाला ठिगळ लावतो, अशी एक लांबलचक उपमा दान्ते देतो. लाच हातावरून हातावर जाते, काळोखात दिली-घेतली जाते आणि चिकटते. त्या पापाला डांबर चपखल. काठावर आकडे घेतलेले सैतान पहारा देतात आणि डोके वर काढणाऱ्याला टोचून खाली ढकलतात. हे सैतानही चक्क गावठी पोलिसांसारखे आहेत: ढोंगी, शिवराळ, एकमेकांवर खार खाणारे. त्यांचा म्होरक्या दान्तेच्या वाटाड्याला, रोमन कवी व्हर्जिलला, खोटी वाट सांगतो. नावारचा एक लाचखोर तर त्यांनाच फसवून डांबरात उडी घेतो आणि दोन सैतान भांडता भांडता त्याच डांबरात पडतात. शेवटी सैतान चवताळून मागे लागतात, तेव्हा व्हर्जिल दान्तेला छातीशी धरतो आणि आगीतून मूल घेऊन पळणाऱ्या आईसारखा दरडीवरून खाली घसरत जातो. ज्या गुन्ह्याचा ठपका दान्तेवर होता, नेमक्या त्याच चरातून त्याला जीव घेऊन पळावे लागते. टीकाकार हे शतकानुशतके सांगत आले आहेत, आणि ते ओढूनताणून वाटत नाही.

बोनिफेसचाही हिशेब तिथेच जवळ चुकता होतो, आणि फार चतुराईने. धर्मपदे विकणारे पोप खडकातल्या भोकांत डोके खाली करून रोवलेले आहेत. वर दिसतात फक्त पोटऱ्या, आणि तळव्यांवर ज्वाळा. ख्रिस्ती परंपरेत पवित्र आत्म्याची ज्वाळा शिष्यांच्या मस्तकावर उतरली होती. इथे माणूस उलटा आहे म्हणून आगही उलट्या टोकाला. भाडोत्री मारेकऱ्यांना खड्ड्यात डोके खाली घालून पुरण्याची शिक्षा तेव्हाच्या इटलीत खरोखरच दिली जाई. अशा माणसाचा कबुलीजबाब ऐकायला भिक्षू वाकतो तसा मी वाकलो, असे दान्ते म्हणतो. पोप खड्ड्यात आणि एक साधा गृहस्थ कबुलीजबाब ऐकतो आहे, इतका उलटापालट. खाली आहे तिसरा निकोलस, १२८० मध्ये वारलेला पोप. पायाजवळ कोणी आल्याची चाहूल लागताच तो विचारतो, बोनिफेस, तू इतक्यात आलास? काव्यातली यात्रा १३०० च्या ईस्टरची आहे आणि बोनिफेस वारला १३०३ मध्ये. जिवंत माणसाची जागा नरकात राखून ठेवली आहे, हे सांगायची याहून सोपी युक्ती कोणती?

सगळीकडे हा आरसा इतका लख्ख नाही. खादाडांवर गारांचा घाण पाऊस का पडतो, याची दहा स्पष्टीकरणे मिळतात आणि एकही पटकन पटत नाही. दान्तेचा गुरुतुल्य ब्रुनेत्तो लातीनी समलिंगी संबंधांच्या पापासाठी पेटत्या वाळूवरून धावतो आहे. नापीक वाळू आणि उलटा, वरून पडणारा अग्नी, असा अर्थ लावला जातो. पण त्या सर्गात दान्तेच्या स्वरात जो आदर आहे, त्यापुढे शिक्षेचे गणित फिके पडते. गुरू पाप्यांच्या पंगतीत आहे आणि शिष्य मान खाली घालून, अदबीने त्याच्या बाजूने चालतो आहे. तत्त्वाने माणसाला नरकात टाकले तरी कवीला तो माणूस टाकवत नाही. असल्या ठिकाणी ग्रंथ जास्त खरा होतो, असे वाटते.

आत्महत्या करणाऱ्यांचे वनही असेच. तिथे फुले-फळे नाहीत, फक्त पाने आणि काटे आहेत. दान्ते एक डहाळी मोडतो आणि झाड ओरडते. ओल्या लाकडाचे एक टोक जळताना दुसऱ्या टोकाने फेस आणि शिट्टी येते, तसे त्या जखमेतून शब्द आणि रक्त एकदम बाहेर येतात. ते झाड म्हणजे पिएर देल्ला व्हिन्या, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा विश्वासू मंत्री. फितुरीच्या आरोपाखाली तो पकडला गेला, त्याचे डोळे काढले आणि १२४९ मध्ये तुरुंगात त्याने जीव दिला, अशी परंपरा आहे. आपण स्वामिनिष्ठ होतो, मत्सराने आपला घात केला, असे तो सांगतो. दान्तेचा त्याच्यावर विश्वास बसलेला दिसतो. देह स्वतः फेकून दिला म्हणून आता माणसाचा देह नाही. अंतिम न्यायाच्या दिवशी सगळ्यांना आपापली शरीरे परत मिळतील, पण हे लोक ती अंगावर चढवू शकणार नाहीत. प्रत्येकाचे शरीर त्याच्याच काट्याच्या झाडाला टांगले जाईल. आणि व्यथा सांगायची वाट कोणती, तर जखम. राक्षसी पक्षी पाने खातात, तेवढ्यापुरते झाडाला बोलता येते.

अगदी तळाशी आग नाही. तिथे बर्फ आहे. विश्वासघात करणारे गोठलेल्या तळ्यात रुतलेले आहेत आणि तळे गोठवणारा वारा सैतानाच्या पंखांचा आहे. सुटण्यासाठी तो पंख फडफडवतो, त्या फडफडीनेच बर्फ होतो आणि त्या बर्फात तो स्वतः छातीपर्यंत अडकलेला आहे. त्याच्या तीन तोंडांत येशूचा घात करणारा ज्यूडास आणि सीझरचा घात करणारे ब्रूटस आणि कॅसियस. या तळ्यातच फाएन्झाचा भिक्षू आल्बेरिगो भेटतो. त्याने नातेवाइकांना समेटाच्या नावाखाली जेवायला बोलावले आणि 'फळे आणा' अशी हाक देताच मारेकरी आत आले. हे १२८५ चे. डोळ्यांत अश्रू गोठून पापण्यांवर बर्फाची झापडे तयार झाली आहेत, तेवढी काढ, अशी तो विनवणी करतो. दान्ते आश्चर्याने विचारतो, तू मेलास कधी? तेव्हा कळते की तो मेलेलाच नाही. घरी आलेल्या पाहुण्याचा घात केला की त्याच क्षणी जीव इथे येतो आणि वर देहात सैतान राहायला जातो. जेनोआचा ब्रान्का दोरियाही असाच इथे आहे. वर जगात त्याचा देह खातो, पितो, झोपतो, कपडे घालतो. शिक्षेला मरणाचीही वाट पाहावी लागत नाही, इतके पाप आणि शिक्षा इथे एक झालेले आहेत. आणि झापडे काढायचे वचन देऊन दान्ते ती काढत नाही. विश्वासघातक्याला दिलेला शब्द तो सरळ मोडतो.

दान्तेच्या हातची एक ओळही आज शिल्लक नाही. हस्तलिखित नकला मात्र आठशेच्या आसपास आहेत, आणि त्यांतली एक चौदाव्या शतकातली प्रत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडून ती संस्थेकडे आली. मुसोलिनीच्या सरकारने ती विकत घ्यायची मोठी बोली लावली आणि सोसायटीने नकार दिला, ही हकिकत मुंबईत आवडीने सांगितली जाते.

पुष्कळ वाचक नरक वाचून पुस्तक मिटतात. त्यामुळे या तत्त्वाची दुसरी बाजू त्यांना कळतच नाही. 'पर्गेटोरिओ' या दुसऱ्या खंडात शुद्धीचा डोंगर आहे. तिथल्या सात पायऱ्यांवरही पापाशी जुळणाऱ्याच यातना आहेत, पण त्यांची दिशा फिरलेली आहे. गर्विष्ठ पाठीवर धोंडे घेऊन वाकून चालतात. आळशी धावतात. खादाड फळांनी लगडलेल्या झाडांखाली उपाशी आहेत. नरकात पाप तसेच चालू राहते; इथे शरीराला उलट्या सवयीची तालीम दिली जाते, आणि ती कधी तरी संपते. यातना सोसणाऱ्यांना ती संपावी अशी घाई नसते, कारण ती आपल्या कामाची आहे हे त्यांना कळलेले असते. बोलण्याचा सूरही बदलतो. नरकात प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इथे गुब्बिओचा चित्रकार ओदेरिसी धोंड्याखालून मान वर करून सांगतो की माझ्यापेक्षा फ्रांको चांगला चितारतो, आणि जिवंतपणी हे मी कबूल केले नसते.

मत्सरी लोकांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या आहेत. रानातून पकडलेला ससाणा शांत राहावा म्हणून त्याचे डोळे असेच शिवत. दुसऱ्याचे बरे ज्यांना पाहवले नाही, ते आता देवळाच्या दाराशी बसणाऱ्या आंधळ्या भिकाऱ्यांसारखे एकमेकांच्या खांद्याला टेकून बसले आहेत आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांना शेजाऱ्याचा आधार लागतो आहे. तिथे सिएनाची सापीआ भेटते. १२६९ मध्ये कोल्लेच्या लढाईत तिच्याच गावचे सैन्य हरले, तेव्हा ते पळताना पाहून तिला इतका आनंद झाला की आता देवाचीही भीती उरली नाही, असे ती आकाशाकडे पाहून ओरडली होती. ती दान्तेला विचारते की डोळे उघडे ठेवून इथे फिरणारा तू कोण?

दान्तेचे उत्तर प्रांजळ आहे. माझेही डोळे इथे शिवले जातील, पण थोडाच काळ; मत्सर माझ्या हातून फार झालेला नाही. मला धास्ती आहे ती खालच्या पायरीची, गर्विष्ठांच्या धोंड्याची, आणि ते ओझे आत्ताच पाठीवर जाणवते आहे. पोप, राजे, गुरू, शेजारी या सगळ्यांना जागा वाटून देणाऱ्याने स्वतःचीही जागा आणि मुदत अशी ठरवून टाकली. निदानही बरोबर असावे. फ्लॉरेन्सचा बखरकार जोव्हान्नी व्हिल्लानी त्याच वस्तीत राहणारा. त्याने दान्तेच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या विद्वत्तेची भरभरून तारीफ केली आणि पुढे लिहून ठेवले की ज्ञानामुळे हा गृहस्थ जरा चढेल, तुसडा होता आणि सामान्य माणसांशी त्याला नीट बोलता येत नसे.